थांबा, आधी आवरू नका

परभणी जिल्ह्यातल्या कुठल्याही गावात, सेलूपासून पालमपर्यंत, घरासमोर कुणी मोबाइल उभा धरला की पहिली धावपळ होते ती सौंदर्य पळवून लावण्याची. “थांब की रे बाबा, जरा आवरू दे,” असा आवाज ओसरीवरून येतो आणि एकेक वस्तू चौकटीबाहेर जायला लागते. खराटा जातो. दोरीवरची वाकळ जाते. पिल्लांवर पालथं घातलेलं डालं जातं, आणि पिल्लांची आई साऱ्या आळीला ऐकू जाईल अशा शिव्या घालत त्याच्यामागे जाते. सूप जातं, सुपातली अर्धवट निवडलेली तूर जाते आणि ती निवडत बसलेली आजी “मी कशाला मधी” म्हणत आपणहून आत जाते. या सगळ्यांच्या जागी दोन प्लास्टिकच्या खुर्च्या येतात, खुर्च्यांवर ताठ बसलेली दोन माणसं येतात, आणि निघतो तो फोटो परभणीचा आहे की पानिपतचा हे सांगायला खाली नाव लिहावं लागतं. माझं म्हणणं एवढंच आहे की फोटो आवरायच्या आधी काढावा. हे आळशी माणसाचं तत्त्वज्ञान वाटेल याची मला कल्पना आहे. पण त्याच्या बाजूने पुरावा भरपूर आहे, आणि पहिला पुरावा तर थेट फोटोग्राफीच्या बारशातला आहे.

1826 किंवा 1827 साली फ्रान्समधल्या सँ-लू-द-वारेन या खेड्यात निसेफोर निएप्स नावाच्या गृहस्थाने डांबराचा थर दिलेला धातूचा पत्रा माडीच्या खिडकीशी कॅमेऱ्यात बसवला. कॅमेऱ्याने टिपलेलं जगातलं आज शिल्लक असलेलं सर्वांत जुनं छायाचित्र ते हेच. त्यात राजवाडा नाही, चर्च नाही, खुर्चीवर ताठ बसलेल्या निएप्सबाईही नाहीत. आहे तो कबुतरखाना, धान्याच्या कोठाराचं उतरतं छप्पर, पाव भाजायच्या खोलीचं धुराडं आणि नासपतीचं एक झाड. म्हणजे पाखरांचं खुराडं, कणगी, चूल आणि परसातलं फळझाड! पत्र्यावर चित्र उमटायला इतके तास लागले की तोवर सूर्य अंगण ओलांडून पलीकडे गेला आणि समोरासमोरच्या दोन्ही भिंतींवर ऊन पडलं. मधल्या वेळात एखादी कोंबडी त्या अंगणातून गेली असेल तरी इतक्या मंद पत्र्यावर ती दिसणं शक्य नव्हतं. फोटोतून निसटण्याची कोंबड्यांची विद्या किती जुनी आहे ते यावरून ध्यानात यावं. पुढे 1844 साली विल्यम हेन्री फॉक्स टॅल्बट या इंग्रजाने आपल्या वाड्यातल्या तबेल्याचं उघडं दार टिपलं. त्या दाराशी खराटा आहे. कुणी उचलायला विसरलं म्हणून राहिलेला नाही, टॅल्बटनेच तो तिरपा टेकवलेला आहे. एवढ्यावर न थांबता त्याने तो फोटो पुस्तकात छापला आणि सोबत समर्थनही लिहिलं, की डच चित्रकारांनी रोजच्या घरगुती गोष्टी रंगवल्या आहेत, तेव्हा कॅमेऱ्यालाही त्या वर्ज्य नसाव्यात. म्हणजे जो खराटा आपण सर्वांत आधी लपवतो, तो छायाचित्रकलेच्या इतिहासात मानाने उभा आहे.

आपल्याकडे गाडं अडलं ते कॅमेरा कुणाच्या दारातून आला त्यावरून. परभणी तेव्हा निजामाच्या राज्यात होती, आणि सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार होते राजा दीनदयाळ. माणूस थोर कलावंत होता. पण दरबारी कॅमेऱ्यापुढे यायचे ते महाल, सरदार आणि शिकार झालेले वाघ. मागून जत्रा-उरुसांतले स्टुडिओ आले, त्यांनी मागे ताजमहालाचा पडदा लावला. एकूण काय, कॅमेऱ्यापुढे पागोटं सारखं करून, श्वास रोखून उभं राहायचं असतं हे आपल्या अंगात भिनलं. आता ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही म्हण परभणीकर कुठल्याही विषयात घालतोच, तर ती इथेही घालून पाहू. 1925 साली जर्मनीतल्या वेट्झलारच्या कारखान्याने लायका हा कोटाच्या खिशात मावणारा कॅमेरा बाजारात आणला. तोवर स्टुडिओवाल्यांचे कॅमेरे बहुधा तिपाईसकट यायचे, आणि तिपाई उभी राहीपर्यंत घरातल्या बायकांना चार खोल्या झाडून घ्यायला सवड मिळायची. छोट्या कॅमेऱ्याने ही सवडच काढून घेतली. जर्मनीने आपला वाटा उचलला. परभणीने त्यानंतर आजवर फक्त खराटा उचलला आहे.

पण पुरावा परदेशी आहे म्हणून पसारा सुंदर ठरत नाही, हे कबूल. मूळ प्रश्न असा की आवरण्याआधी जे दिसतं त्यात पाहण्यासारखं काय असतं? माझं उत्तर असं की ज्याला आपण पसारा म्हणतो तो पसारा नसतोच. प्रत्येक वस्तूकडे त्या जागी असण्याचं कारण असतं, आणि डोळ्याला जे बरं वाटतं ते या कारणांचं एकमेकांशी जमलेलं असणं. न्हाणीचं पाणी जिथे उतरतं तिथेच अळू, केळ आणि कर्दळ असते, कारण मराठवाड्यात पाणी एकदा वापरून सोडून द्यायची चैन परवडत नाही. कुंपण तुराट्यांचं असतं, कारण तूर घरचीच. त्या कुंपणावर दोडका चढवलेला असतो, कारण फुकटचा मांडव सोडायचा कुणी? शेवगा घरापासून चार हात लांब असतो, कारण त्याची फांदी वाऱ्याला मोडते. खुराडं ओसरीच्या पायरीला चिकटून असतं, कारण रात्री रानमांजर आलं की पहिली बोंब घरच्यांच्या कानावर पडली पाहिजे. उन्हाळ्यात बाजेवर जुनं लुगडं अंथरून कुरडया घालतात त्या ओळीत, कारण एकीला दुसरी चिकटली तर वाळत नाही. पाहणाऱ्याला ती नक्षी वाटते, घालणारीला ते फक्त अंतर असतं. आणि भिंतीवर थापलेल्या गोवऱ्या पाहाव्यात. चित्रकार कोपऱ्यात बारीक सही करतो, इथे बाई प्रत्येक गोवरीच्या मधोमध पाची बोटं उमटवते. ही मांडणी कुणी दिखाव्यासाठी केलेली नाही म्हणूनच ती चुकत नाही. दोन खुर्च्या मात्र कुठेही ठेवल्या तरी चुकीच्या जागीच दिसतात, कारण त्यांना तिथे काही काम नसतं.

परसातली भेंडी घ्या. 1972 साली परभणीत स्थापन झालेल्या कृषी विद्यापीठाने 1985 साली ‘परभणी क्रांती’ नावाचं भेंडीचं वाण दिलं. पानांच्या शिरा पिवळ्या पाडणाऱ्या केवडा रोगाला दाद न देणारं, म्हणून ते देशभर गेलं. त्याची कीर्ती झाली, बियाण्याच्या पाकिटावर फोटोही आला, पण कुणाचा? शेंगेचा. भेंडीच्या फुलाला कुणी विचारलं नाही. फिकट पिवळ्या पाकळ्या, गाभ्याला दाट किरमिजी रंग. दुसऱ्या एखाद्या देशात असतं तर त्याच्या नावाने महोत्सव भरला असता. हे फूल सकाळी उमलतं आणि दुपार होईतो मिटून जातं. अंगण झाडून, सडा टाकून, खुर्च्या मांडून, माणसं कपडे बदलून येईपर्यंत त्याचं आयुष्य संपलेलं असतं.

यावर कुणी म्हणेल की फोटो काय कमी निघतात? खरं आहे. महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याच्या हाती सरकारनेच कॅमेरा दिला असं म्हणायला हरकत नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. आपल्या पिकाचा फोटो आपणच शेतात उभं राहून काढायचा आणि अॅपवर चढवायचा. घरकुल मंजूर झालं की पाया भरला त्याचा फोटो, भिंती उठल्या त्याचा फोटो, घर झालं त्याचा फोटो. शेत पाण्याखाली गेलं तर 72 तासांच्या आत विमा कंपनीला कळवा आणि आडव्या झालेल्या सोयाबीनचे फोटो जोडा, हेही आपण वर्षानुवर्षं केलं. म्हणजे गावातला मोबाइल पक्का सरकारी साक्षीदार झालेला आहे. यातली गंमत पाहा. नुकसानीचा फोटो असेल तेव्हा कुणी आवरत नाही. किंबहुना आवरलंत तर दावा फेटाळला जायचा. जे जसं पडलंय तसंच दाखवा, हा नियम नासाडीपुरता सगळ्यांना मान्य आहे. दोडक्याला फूल आलं, कोंबडीने पिल्लं काढली, वाळवण घातलं, की मात्र तोच माणूस म्हणतो, “थांबा, नीट करून घेऊ.” पीक आडवं झालेलं जगाला दाखवायला आपण लाजत नाही, उभं असलेलं दाखवायला लाजतो!

खुराडं हा या विषयातला सर्वांत अवघड पेपर. एडवर्ड मायब्रिज या छायाचित्रकाराने 1887 साली प्राण्यांच्या आणि माणसांच्या हालचालींचे 781 तक्ते प्रसिद्ध केले. त्यात घोडे दौडले, माणसं जिने चढली-उतरली, सगळं शिस्तीत पार पडलं. अगदी शेवटच्या तक्त्यावर कोंबड्या आहेत, आणि त्यांच्यापुढे चक्क फटाका फोडलेला आहे. एवढ्या थोराची ही गत, तर आपण नम्र व्हावं आणि फटाक्याऐवजी मूठभर ज्वारी न्यावी. जमिनीवर बसावं, कारण उभ्याने काढलेल्या फोटोत कोंबडीची फक्त पाठ येते आणि ती कुठल्याही कोंबडीची असू शकते. चालताना तिची मान झटक्यात पुढे जाते आणि अंग मागून येईपर्यंत जागीच थांबते. आजूबाजूचं दृश्य डोळ्यात स्थिर राहावं म्हणून पाखरं हे करतात. 1978 साली कॅनडातल्या संशोधकांनी कबुतरांना सरकत्या पट्ट्यावर चालवून हे ताडून पाहिलं, तर आजूबाजूचं दृश्य हलेना तशी कबुतरांची मानही हलायची थांबली. फोटो मिळतो तो त्या क्षणभराच्या थांब्यात. आणखी एक अडचण कॅमेऱ्याची. त्याला सगळं जग मध्यम राखाडी हवं असतं. त्यामुळे झाबुआची कडकनाथ, जिची सगळी किंमत तिच्या काळेपणात, ती फोटोत राखेत लोळून आल्यासारखी येते, आणि पांढरी कोंबडी मळकी दिसते. उपाय ऐकायला उफराटा आहे: काळीसाठी उजेड कमी करायचा, पांढरीसाठी वाढवायचा. परसातली ‘वनराज’ त्या मानाने सोपी. निजामाचं राज्य गेलं, पण हैदराबादच्या कुक्कुट संशोधन केंद्रातून येणारी ही कोंबडी अजून राजाच आहे. मेच्या मध्यात भर दुपारी मात्र कुणाच्याच वाटेला जाऊ नये. तेव्हा परभणीत सूर्य अगदी डोक्यावर येतो, सावली पायाखाली गुडूप होते आणि कोंबडीसुद्धा बाजेखालून बाहेर येत नाही. माणसाच्या डोळ्याला न दिसणारा अतिनील प्रकाश तिला दिसतो. म्हणजे फोटो काढणाऱ्यापेक्षा तिला जास्त रंग कळतात. तिने एका डोळ्याने तिरकं पाहिलं तर ते समीक्षकाचं पाहणं समजावं.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. शहरातून येणाऱ्यांना आमचं दैन्य देखणं वाटतं, असं खेड्यातली शहाणी माणसं म्हणतात आणि ते बरोबर म्हणतात. गळक्या माळवदाला ‘टेक्स्चर’ म्हणणाऱ्याला पावसाळ्यात त्याच माळवदाखाली एक रात्र झोपवावं, याहून सौम्य शिक्षा मला सुचत नाही. पण यातून फोटो काढू नये हे सिद्ध होत नाही. तो कुणी काढावा हे सिद्ध होतं. छायाचित्रकार ज्योती भट्ट यांनी 1967 पासून कितीतरी वर्षं गुजरात-राजस्थानच्या खेड्यांत भिंतींवरची आणि अंगणातली चित्रं टिपली. पुढे मातीच्या भिंती जाऊन सिमेंट आलं, आणि ज्यांना दर वर्षी भिंत लिंपावी लागत होती त्यांच्यासाठी ते चांगलंच झालं. त्या फोटोंनी कुणालाही मातीच्या घरात राहा म्हणून अडवून धरलं नाही. याच आक्षेपाची दुसरी बाजू मला जास्त अडवते: पाहुण्यांपुढे घर आवरलेलं असावं हा घरच्या बाईचा मान आहे, तो पसाऱ्याचं कौतुक करत हिरावून घेणारे आपण कोण? कोणीच नाही. म्हणून कॅमेरा तिच्याच हातात असावा. कुरडयांमधलं अंतर तिने ठरवलं, कुठली कोंबडी खुडूक बसलीय ते तिला माहीत, भेंडीचं फूल किती वाजता मिटतं तेही तिलाच. आणि स्वतःपुढे कुणी दोन खुर्च्या मांडून ठेवत नाही.

राहिला व्यवहारातला प्रश्न, की असा फोटो लावायचा कुठे. ही अडचण खरी आहे आणि तिच्यावर माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. आपल्या भिंतीवर फोटो लागतो तो एक तर देवाचा, नाही तर गेलेल्या माणसाचा. कोंबडीचा चौकटीतला फोटो ओसरीत टांगला तर येणारा-जाणारा चप्पल काढता काढता आवाज उतरवून विचारणार, “कधी गेली?” यावर ती ठणठणीत असून या घटकेला उकिरड्यावर आहे, असं ठासून सांगता येईल; पण ते पहिल्या वर्षीच. दुसऱ्या वर्षी, विशेषतः जावई येऊन गेल्यानंतर, विचारणाऱ्याचा अंदाज बरोबर असण्याची शक्यता दाट असते, आणि मग फोटोला हार घालायचा की विषय बदलून पाहुण्याला चहा विचारायचा, हे ज्या त्या घराने ठरवावं.