रिंग काढलीत का?

रिंगकाका तुमच्याही सोसायटीत असणार. नाव वेगळं असेल, पण शर्टाच्या खिशात जुना टूथब्रश आणि छोटी बॅटरी बाळगणारा, दार उघडल्यावर माणसाकडे न बघता थेट ओट्याकडे बघणारा गृहस्थ बिल्डिंगमागे एक मिळतोच.

देवनारच्या आमच्या बिल्डिंगमध्ये ते तिसऱ्या मजल्यावर राहतात. सगळी नोकरी चेंबूरकडच्या एका कारखान्यात, कूलिंग टॉवरच्या पाण्यावर. पाइपांच्या आत धरणारी बुळबुळ शोधायची आणि खरवडायला लावायची, हेच काम. रिटायर झाले, पाइप सुटले, बुळबुळ काही सुटली नाही. "कसं काय, बरं आहे ना?" असं ते कुणालाच विचारत नाहीत. जिन्यात, लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी एकच प्रश्न : "रिंग काढलीत का?"

रिंग म्हणजे मिक्सरच्या झाकणाची. नंतर कुकरची. ती काढली असेल तर फ्रिजच्या दाराचं रबर, तेही पुसलेलं असेल तर आरओच्या नळाचं तोंड. त्यातून कुणी सुटलेलं मला तरी माहीत नाही.

समोरच्यांकडे साखरपुडा होता. पाहुणे बसलेले, मुलगा-मुलगी पाटावर. मुलाच्या मामांनी हाक दिली, "चला, रिंग काढा आता!" आणि स्वयंपाकघरातून खणखणीत आवाज आला : "काढली! काळी पडलीय!" मठ्ठ्याचा मिक्सर काकांच्या हाती लागला होता. लग्न झालं, संसार नीट चाललाय, पण मुलाकडचे अजून आमच्या बिल्डिंगमध्ये मठ्ठा घेत नाहीत.

रिंग काढण्याची त्यांची एक पद्धत आहे. नेलकटरची छोटी पाती खाचेत सरकवायची, रबर हलकेच उचलायचं आणि सापाची कात ओढावी तसं अखंड बाहेर काढायचं. खाली करडी-काळी, ओलसर रेघ. तिच्यावरून पांढरा कागद फिरवायचा आणि गृहिणीच्या नाकासमोर धरायचा. "घ्या वास." त्या वासात खोबरं असतं, लसूण असते आणि गेल्या महिन्यातलं काहीतरी असतं, ज्याला आता नाव उरलेलं नाही.

मग व्याख्यान. सुटे जंतू पाण्याबरोबर वाहून जातात, त्यांचं काही वाटत नाही. पण ओलसर कोपऱ्यात काही तास निवांत मिळाले की ते चिकटतात, अंगातून साखर-प्रथिनांचा लगदा सोडतात आणि त्यात दडून बसतात. हीच बायोफिल्म. वरून साबण ओता, आतल्यांच्या अंगाला लागत नाही. "म्हणून आधी घासायचं, औषध मागाहून!" इथे टूथब्रश तलवारीसारखा वर जातो.

माझ्या बायकोने एकदा सांगून पाहिलं, की आम्ही व्हिनेगर टाकतो. झालं! काकांनी थेट हॉलंड गाठलं. डेल्फ्टचा कापडवाला लेव्हेनहूक. १६८३ साली त्याने स्वतःच्या दातांवरचं कीटण खरवडून भिंगाखाली धरलं, तर आत वळवळणारे जीव. पुढे कडक व्हिनेगरने चुळा भरून पाहिल्या, तेव्हा मेले ते फक्त वरचे. "आतले जिवंत! कळलं का, वहिनी?" लेव्हेनहूक बी विंगमध्ये राहायचा आणि त्याच्याही मिक्सरची रिंग यांनीच काढली होती, अशा थाटात हे सगळं चालतं.

बी विंगमधल्यांनी डिशवॉशर घेतला, तेव्हा वाटलं, यंत्रच स्वतःला धुतंय म्हटल्यावर काका हरले. छे! २०११ साली स्लोव्हेनियातल्या संशोधकांनी १८ देशांतले १८९ डिशवॉशर तपासले होते, ते यांना तोंडपाठ. ६२ टक्के यंत्रांत दाराच्या रबरावर बुरशी. त्यात एक काळं यीस्ट असं, की ज्याला गरम पाणी, मीठ, डिटर्जंट, कशाचंच भय नाही. "पुन्हा रबरच!" काकांना एवढं खुशीत मी क्वचित पाहिलंय.

तर अशा या माणसाला मी एकदा टोचायचं म्हणून विचारलं. संध्याकाळची वेळ होती, वारा फिरला होता आणि देवनारच्या डंपिंग ग्राउंडचा वास घरात शिरला होता. म्हटलं, "काका, मिक्सरमधलं कीटण तुम्हाला दिसतं, मग समोरचा डोंगर?"

१९२७ पासून मुंबई आपला कचरा इथे आणून टाकतेय. ३०० एकरांहून मोठा पसारा. जानेवारी २०१६ मध्ये पेटला तेव्हा धूर उपग्रहाच्या फोटोत दिसला, शाळा बंद ठेवाव्या लागल्या आणि आम्ही ओले टॉवेल दाराच्या फटींत कोंबून बसलो होतो.

काका काही न बोलता घरी गेले आणि एक जाडजूड फाइल घेऊन आले. अर्ज, स्मरणपत्रं, पोचपावत्या. सुरुवातीचे कार्बन लावून हाताने लिहिलेले, पुढचे टाइप केलेले. उत्तरं थोडी, आणि तीही सगळी एकाच घराण्यातली : आपला अर्ज योग्य त्या कार्यवाहीसाठी पुढे पाठवला आहे. शेवटच्या अर्जाखालची सही जरा थरथरलेली होती.

"डोंगराला रिंग नाही हो," काका म्हणाले.

मी बायकोला खूण केली. एरवी काकांची बेल वाजली की पलंगाखाली जाणारा मिक्सर तिने स्वतः ओट्यावर आणून ठेवला, शेजारी कुकरही. काकांनी चष्मा पुसला, पाती सरकवली, कागद फिरवून वास घेतला.

"सोमवारची चटणी?"

"रविवारची," बायको म्हणाली. "सोमवारची कुकरमागच्या छोट्या भांड्यात आहे."