निरंक

सरकारी कचेरीत निरंक अहवालावर कोणी विश्वास ठेवत नाही. ‘अनियमितता : निरंक’ असा कागद ग्रामपंचायतीकडून आला की लेखापरीक्षक चष्मा पुसतो, चहा सांगतो आणि दप्तर काढायला लावतो. माझी सगळी नोकरी स्थानिक निधी लेखापरीक्षेत गेली. मंडणगडापासून राजापुरापर्यंतची दप्तरं मी चाळली, आणि जिथे ठळक अक्षरांत निरंक लिहिलेलं असे, नेमकी तिथेच एका विंधन विहिरीच्या दुरुस्तीची दोन बिलं सापडत. असल्या माणसाच्या हातात लॅबने ‘नॉन-रिअ‍ॅक्टिव्ह’ असा कागद द्यायचा आणि त्याने तो घडी करून खिशात घालून मुकाट घरी जायचं, ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

निमित्त झालं दाढीचं. निवृत्तीनंतर माणसाने दाढी तरी दुसऱ्याकडून करून घ्यावी, एवढीच माझी चैन होती. सलूनवाला गप्पिष्ट, हात हलका. पण त्या दिवशी टीव्हीवर कुणाची तरी विकेट पडली आणि त्याच्या हाताने जबड्याखाली बारीकशी रेघ ओढली. रक्त आलं म्हणण्याइतकंही आलं नाही. त्याने सवयीने तुरटीचा खडा त्यावरून फिरवला, आणि तो खडा माझ्या डोळ्यांसमोरून परत जाताना मी पहिल्यांदा नीट पाहिला. साबणासारखा झिजलेला, एका बाजूला खोलगट, कडेला पिवळट झाक. त्या खोलगट भागात रत्नागिरीतले किती गाल घासले गेले असतील याचा हिशेब मी खुर्चीतच सुरू केला.

“ब्लेड नवीन घातलंस ना रे?”

“नवीन म्हणजे काय साहेब, आत्ताच तर मोडलं.”

मोडलं, हे खरं. सलूनवाले ब्लेड कागदासकट मधोमध मोडतात, अर्धं वस्तऱ्यात घालतात आणि अर्धं त्याच कागदात गुंडाळून आरशाखालच्या फळीवर ठेवतात. फळीवर कागद होता, कागदात अर्धं ब्लेडही होतं. पण ते न वापरलेलं अर्धं होतं, की मघाच्या गिऱ्हाइकाला वापरून ठेवलेलं? माझ्या आधी खुर्चीतून उठलेला माणूस ट्रकवरचा वाटत होता. बिल आहे, माल आहे, पण साठा नोंदवहीत आवक-जावक नाही, अशा प्रकरणात मी आयुष्यभर आक्षेप काढत आलो होतो.

आमची पिढी एड्सच्या जाहिरातींवर वाढलेली. भारतात एचआयव्ही पहिल्यांदा सापडला १९८६ साली, चेन्नईत. त्यानंतर एसटी स्टँडच्या भिंतींपासून ते आरोग्य केंद्राच्या पाण्याच्या टाकीपर्यंत सगळीकडे सुई, ब्लेड आणि लाल फीत रंगवलेली. ‘न्हाव्याकडे नवीन ब्लेडचा आग्रह धरा’ हे वाचत वाचत आम्ही लग्नं केली, मुलं मोठी केली. आग्रह मात्र कधी धरला नाही, कारण कोकणात माणूस न्हाव्याकडे आग्रह धरायला जात नाही, बातम्या ऐकायला जातो.

लॅबमधला एचआयव्हीचा पहिला रिपोर्ट निगेटिव्ह आला. डॉक्टर म्हणाले, “झालं समाधान?” मी विचारलं, “विंडो पिरियडचं काय?” विषाणू शिरल्यापासून चाचणीत दिसेपर्यंत जो काळ जातो तो विंडो पिरियड. हल्लीच्या चौथ्या पिढीच्या चाचणीत तो साधारण सहा आठवड्यांत आटोपतो, पूर्वी तीन महिने धरत, आणि त्याच्याही पूर्वी सहा महिने सांगणारे लोक होते. डॉक्टरांचं मत सहा आठवड्यांचं. माझं मत असं की जुनं परिपत्रक स्पष्ट शब्दांत अधिक्रमित होत नाही तोवर ते लागूच असतं. म्हणून मी सहा आठवड्यांनी एक, तीन महिन्यांनी एक आणि मधल्या काळात मनाला वाटेल तशा, अशा चाचण्या करत राहिलो. सगळे रिपोर्ट निगेटिव्ह. प्रत्येकाच्या तळाशी ‘क्लिनिकली कोरिलेट करावे’ अशा अर्थाची एक ओळ. म्हणजे लॅबनेही हात झटकलेलेच! अशी पळवाट ठेवलेला अहवाल मी ग्रामसेवकाकडून कधी स्वीकारला नव्हता.

शेवटी डॉक्टर कंटाळून म्हणाले, सरळ जिल्हा रुग्णालयाच्या आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि चाचणी केंद्रात जा. तिथे तपासणी फुकट, नाव गुप्त, आणि आधी-नंतर समुपदेशन. समुपदेशक मुलगी माझ्या लेकीपेक्षा लहान, पण ऐकून घेण्याची ताकद एखाद्या ज्येष्ठ लेखाधिकाऱ्याची. तिने तपासणी केली, निगेटिव्ह म्हणाली. मी विचारलं, किती चाचण्या केल्या? एक. आणि पॉझिटिव्ह आली असती तर? तर वेगवेगळ्या दोन किटवर परत तपासून मगच सांगितलं असतं.

“म्हणजे पॉझिटिव्हची तीनदा खात्री आणि निगेटिव्हची एकदाच?”

“काका, नियमच तसा आहे.”

नियमाला कारण आहे, ते तिने समजावूनही सांगितलं: पहिली चाचणी मुद्दाम अशी निवडलेली असते की तिच्या नजरेतून काही सुटत नाही, उलट ती उगाच कुणाला पॉझिटिव्ह दाखवेल म्हणून पुढच्या दोन. माझ्या डोक्यात मात्र ‘एकदाच’ एवढाच शब्द उरला. मग त्या भल्या मुलीने माझी समजूत काढण्याच्या भरात एक घोटाळा करून ठेवला. म्हणाली, “आणि काका, एचआयव्ही शरीराबाहेर फार टिकत नाही. ब्लेडचीच काळजी करायची तर हिपॅटायटिस बीची करावी. तो बाहेर सात दिवससुद्धा तग धरतो. त्याची लस आहे, ती घेऊन टाका.”

सात दिवस! सलून दर सोमवारी बंद असतं, तो सोमवारसुद्धा त्यात बसतो.

घरी येऊन नवीन फाईल उघडली. या रोगाच्या चाचणीला जुने डॉक्टर अजून ऑस्ट्रेलिया अँटिजेन म्हणतात. बारूच ब्लुम्बर्ग या अमेरिकन शास्त्रज्ञाला १९६०च्या दशकात तो एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या रक्तात सापडला, आणि त्याबद्दल १९७६ साली त्याला नोबेल मिळालं. ऑस्ट्रेलियातून जी गोष्ट फिलाडेल्फियाला पोचते ती नाचणे रोडला यायला किती वेळ? शिवाय हा विषाणू अंगात शिरल्यावर पाच-पाच महिने गप्प बसू शकतो. म्हणजे एचआयव्हीची ती खिडकी होती, याची तर चांगली ऐसपैस पडवी निघाली.

या काळात माझा हात कायम गळ्याशी. तिथल्या गाठी सुजल्यात का ते पाहायला. दिवसभर दाबत राहिलं की कुठलीही गाठ दुखतेच, आणि दुखली की मी आणखी दाबायचो. बायको म्हणाली, “अहो, चारचौघांत गळ्याला हात लावून बसू नका. लोकांना वाटतं शपथ घेताय.” वजन घटलं, कारण काळजीने जेवण जाईना. मग मे महिना आला, घरात हापूसची अढी लागली आणि वजन वाढलं, तेव्हा मी पायाला सूज आहे का ते अंगठ्याने दाबून बघू लागलो. शेजारच्या अण्णांनी गुळवेलीचा काढा पाजला. आत्येने मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, तडतडल्या नाहीत म्हणून ती माझ्यापेक्षा जास्त घाबरली. गावच्या देवळात गाऱ्हाणं घातलं तेव्हा मात्र मला खरं बरं वाटलं. गाऱ्हाण्यात गुरव चुकलंमाकलं, कळत-नकळत, ज्ञात-अज्ञात असं सगळंच एका दमात झाकून घेतो. इतकी व्यापक चाचणी कुठल्याच लॅबकडे नाही, आणि तळाशी ती ओळही नाही.

हिपॅटायटिसचेही रिपोर्ट निगेटिव्हच आले. मग लसीचे तीन डोस घेतले: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. त्यानंतर लस लागू पडली का ते पाहायला, डॉक्टर नको म्हणत असताना, आणखी एक तपासणी केली. आणि आयुष्यातला पहिला पॉझिटिव्ह रिपोर्ट हातात पडला! लॅबच्या पायरीवर मी मटकन बसलो. बायकोला फोन केला, बँकेची पासबुकं कुठे आहेत ते सांगितलं. तिने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, “वहिनी, ती प्रतिकारशक्तीची तपासणी आहे. ती पॉझिटिव्हच यायला हवी. दहाच्या वर आकडा म्हणजे लस लागू झाली. यांचा कितीतरी वर आहे. पेढे वाटा.” इतक्या निगेटिव्ह कागदांवर अविश्वास दाखवणाऱ्या मी, हा पॉझिटिव्ह मात्र एका क्षणात, फेरतपासणीशिवाय मान्य केला होता, हे बायकोने तिथल्या तिथे नोंदवून ठेवलं.

मग आलं २०२०, आणि सगळी रत्नागिरी माझ्या पातळीवर आली. मार्चमध्ये जिल्ह्यातला कोरोनाचा पहिला रुग्ण गुहागर तालुक्यात शृंगारतळीला सापडला. नाकातले स्वॅब गाडीने घाट चढून मिरजेला जायचे आणि अख्खा जिल्हा रिपोर्टची वाट बघत बसायचा. जूनमध्ये जिल्हा रुग्णालयातच लॅब सुरू झाली, तरी लोकांचं समाधान नाही: ‘निगेटिव्ह आला, पण स्वॅब नीट घेतला होता का?’ हा प्रश्न आता माझा एकट्याचा राहिला नव्हता, चव्हाट्यावरचा झाला होता. जूनअखेर सरकारने सलूनं उघडायला परवानगी दिली, पण केस कापायचे, दाढीला मनाई. इतके दिवस घरात जे सांगून सांगून माझा घसा बसला होता ते महाराष्ट्र शासनाने परिपत्रक काढून मान्य केलं. मी ते वर्तमानपत्रातून कापून फाईलला लावलं.

गणपतीला तर कहर झाला. चाकरमान्यांनी १२ ऑगस्टच्या आत यायचं आणि दहा दिवस विलग राहायचं, त्यानंतर येणाऱ्याने निगेटिव्ह रिपोर्ट आणायचा, असा नियम. आमचा एक चुलतभाऊ मुंबईहून रिपोर्ट घेऊन आला. ४८ तासांपूर्वीचा, शिक्का, सही सगळं व्यवस्थित. वाडीतल्या लोकांनी तो बांधावर उभा राहूनच वाचायला लावला, आणि एका म्हातारीने विचारलं, “आनि त्या अठ्ठेचाळीस तासांत रं?” मला गहिवरून आलं. अशी माणसं लेखापरीक्षेत हवी होती.

त्या दिवसांत माझा भाव वधारला. ऑक्सिमीटर कुठल्या बोटाला लावायचा, नखाला रंग असेल तर आकडा चुकतो, वास येतो की नाही ते कॉफीवर बघायचं की कढीपत्त्यावर, यासाठी फोनवर फोन. मी स्वतः मात्र त्या दोन वर्षांत चांगला शांत होतो, झोपही लागायची. सगळेच घाबरलेले असताना एकट्याने वेगळं घाबरायचं कारण उरत नाही. साथ ओसरली, लोक मास्क काढून लग्नाच्या पंगतीत बसले, आणि मी परत गळ्याला हात लावला.

तेव्हा डॉक्टरांनी मानसोपचाराचं नाव काढलं. महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी. बाकीच्या कोकणाला तिथे यायला एसटी धरावी लागते. आम्हाला रिक्षा पुरते, आणि नेमकी तीच अडचण. रिक्षावाला ओळखीचा निघतो. मी छत्री घेऊन चालत गेलो. ओपीडीच्या बाकावर माझ्याच खात्यातला एक जुना सहकारी बसलेला.

“इकडे कुठे?”

“पुतण्याला दाखवायचं होतं. तुम्ही?”

“मेहुण्याला.”

ना पुतण्या होता, ना मेहुणा. दोघांनी एकमेकांचे निरंक अहवाल मान्य केले आणि पावसावर बोललो.

डॉक्टर तरुण होते. फाईल त्यांनी उघडलीच नाही. पानांना क्रमांक घातलेले, अनुक्रमणिका जोडलेली, लाल फितीने बांधलेली ती फाईल त्यांनी फक्त हातात तोलून पाहिली. मग म्हणाले, याला पूर्वी हायपोकाँड्रिया म्हणत. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी २०१३ साली ते नाव टाकून दिलं, आता इलनेस अँग्झायटी म्हणतात. रिपोर्ट आला की चार दिवस हायसं वाटतं, आणि त्या हायशाचीच चटक लागते. शंका आली की तपासणी, तपासणी झाली की आराम, आराम ओसरला की मोठी शंका. तेव्हा यापुढे तपासणी बंद.

मी विचारलं, “हा आजार मला आहे, हे कुठल्या तपासणीत दिसेल?”

“कुठल्याच नाही.”

आणि चमत्कार बघा, मला ते तत्काळ पटलं.

घरी येऊन या आजाराविषयी वाचायला घेतलं. तीही बंदी होती, पण तोंडी होती. फ्रेंच नाटककार मोलिएरने अशाच माणसावर प्रहसन लिहिलं, ‘काल्पनिक रोगी’. १६७३ सालच्या फेब्रुवारीत चौथ्या प्रयोगाला तो स्वतः त्या रोग्याची भूमिका करत असताना रंगमंचावर कोसळला आणि त्याच रात्री वारला. मी विजयी मुद्रेने बायकोला वाचून दाखवलं. ती तांदूळ निवडत होती. म्हणाली, “त्याला खोकला होता आधीपासून. तुम्हाला आहे?”

“नाही. पण असेल असं वाटतं का तुला?”

इथे तिने ठरलेलं उत्तर दिलं. डॉक्टरांनी तिलाही बोलावून सांगितलं होतं: हे विचारतील, धीर द्यायचा नाही, तुम्ही फक्त ‘माहीत नाही’ म्हणायचं. तिने हा उपचार इतका मनावर घेतला की आता घरात दुसरं उत्तरच नाही. माझा चष्मा कुठे? माहीत नाही. वीजबिल भरलं का? माहीत नाही. जीभ पांढरी दिसते का गं? माहीत नाही, आणि हे म्हणताना वर बघायचंसुद्धा नाही.

परवा कपाट आवरताना लक्षात आलं की फाईल जागेवर नाही. सगळ्या खणांत पाहिलं, माळा पाहिला. शेवटी भीत भीत तिलाच विचारलं.

“माहीत नाही,” ती म्हणाली. “जा, आंघोळ करून घ्या आधी. बंब पेटवलाय. आज पाणी भलतंच कढत झालंय, विसण घ्या.”