स्वंयसेवक

शुद्धलेखनाची चूक आहे, ठाऊक आहे मला. पण विसरवाडीत आमच्या मंडळीच्या बिल्ल्यांवर हा शब्द वर्षानुवर्षं असाच लिहिला जातो, आणि ज्याच्याविषयी सांगायचंय तो गडी त्या भलत्या अनुस्वारासकटच खरा वाटतो. पुठ्ठ्याचा चौकोन, त्यावर लाल मार्करची अक्षरं, मागे सेफ्टी पिन. एरवी स्टँडवर चहा पीत उभा असलेला दादा ती पिन खिशाला टोचली की बदलतो. चालताना हात मागे बांधतो. "कुठे असतोस हल्ली?" असं विचारलं तर "सेवेत" म्हणतो.

प्रसंग दरवर्षीचाच. जून उजाडला की आसपासच्या पाड्यांवरची पोरं-पोरी पत्र्याची पेटी आणि गोधडीची वळकटी घेऊन हायवेवर उतरतात, कुणी अकरावीला, कुणी बी.ए.ला. (हायवेचा नंबर सरकारने ५३ करून टाकला, आम्ही अजून सहा नंबरच म्हणतो.) त्यांना परकं वाटू नये म्हणून आमचा तरुण संघ एका रविवारी उपासनेनंतर स्वागताचा कार्यक्रम ठेवतो. गाणी, दोन शब्द, जेवण. बस.

एवढ्यासाठी बैठका मात्र तीन. बैठकीत आमच्याकडे भांडण होत नाही, कारण आपण सगळे एकदिलाने सेवा करतो. भांडण प्रार्थनेत होतं. डोळे मिटले की दादाला रान मोकळं. "हे प्रभू, गेल्या वर्षी ज्या बंधूने वरण गार होईपर्यंत माईक सोडला नाही, त्याला नम्रता दे. जे बंधू बैठकीला अर्धा तास उशिरा येतात, त्यांना घड्याळ बघायची बुद्धी दे." उशिरा आलेला बंधू त्याच सतरंजीवर बसलेला असतो. तो सगळ्यांत मोठ्याने "आमेन" म्हणतो आणि श्वासही न घेता स्वतः सुरू होतो, "आणि प्रभू, जे वेळेवर येऊन नुसते बसून राहतात, त्यांचीही आठवण ठेव." पाळकसाहेबांनी एकदा मध्येच खाकरून पाहिलं. उपयोग झाला नाही. प्रार्थना मध्ये तोडायची कशी?

कार्यक्रमाच्या दिवशी दादाचा पहिला मुक्काम नावनोंदणीच्या टेबलावर. नवापूर तालुक्यात नावनोंदणी हे येरागबाळ्याचं काम नव्हे.

"नाव?"

"गावीत."

"पुढचा?"

"गावीत."

"तू?"

"वसावे." दादा मान वर करून बघतो, जरा बरं वाटतं. तिच्या मागे पुन्हा दोन गावीत, एक वळवी, एक गावीत. रजिस्टरच्या त्या पानावर वरून खाली नुसती 'कित्ता'ची दोन-दोन टिंबं पाझरत गेलेली दिसतात. माणिकराव गावीत एवढ्या आडनावावर नऊ वेळा लोकसभेत जाऊन आले, पण आमच्या टेबलावर त्यांनाही गाव, पाडा आणि बापाचं नाव सांगावं लागलं असतं.

मग माईक. घरी अस्सल मावचीत बोलणारा दादा माईक हातात आला की एकदम पुस्तकी होतो. "उपस्थित प्रिय बंधू-भगिनींनो, आजच्या या मंगल प्रसंगी..." समोरची पोरंही घरी मावचीच बोलतात, ती आदराने गप्प बसतात आणि वांग्याच्या भाजीचा वास कुठून येतोय ते बघतात. तिकडे महिला मंडळाने पहाटेपासून चुली पेटवलेल्या असतात. त्यांच्यातल्या एकीच्याही पदराला बिल्ला नसतो. पदराला पिन लावायला सवड कुणाला होती?

पण दादाचा खरा जीव खुर्च्यांत. मंडपवाल्याकडून १२० खुर्च्या येतात आणि १२०च परत गेल्या पाहिजेत, नाहीतर पैसे संघाच्या खिशातून. त्यामुळे कुणी खुर्चीवर बसलं की दादाला आनंद होण्याऐवजी काळजी वाटते. गेल्या वर्षी सकाळपासून पावसाची झड होती. टेम्पोतून खुर्च्या उतरवायला मंडपवाल्याचा एक किडकिडीत पोरगा आला होता. दादाने त्याला दिवसभर पिदडला. खुर्च्या मांड, पुसून घे, बॅनर बांध, वाकडा झालाय, पुन्हा बांध, जनरेटरवर ताडपत्री टाक. पोरगा मुका असावा तसं सगळं करत होता. त्याच वेळी आम्ही बावीस स्वयंसेवक स्वागत नीट होतंय की नाही यावर लक्ष ठेवून होतो.

संध्याकाळी मोजणी झाली. खुर्च्या १२०, बरोबर. दादाने कपाळ पुसलं आणि मंडपवाल्याला म्हणाला, "पोरगा कामाचा आहे हो तुमचा."

"माझा कुठला?" मंडपवाला म्हणाला. "मला वाटलं तुमचा."

पोरगा व्हरांड्यात उभा होता. पायाशी पत्र्याची पेटी. "दादा," तो म्हणाला, "मी अकरावीला आलोय. नाव कुठं लिहायचं?"

दादा थोडा वेळ काही बोलला नाही. ज्याच्या तोंडून 'दोन शब्द' कधी अर्ध्या तासाच्या आत संपले नाहीत, त्याला त्या वेळी एक सापडेना. मग त्याने रजिस्टर उघडलं. "आडनाव?" पोराने सांगितलं, दादाने दोन टिंबं दिली. मावशींनी पातेल्याच्या तळाचं वरण आणि मूठभर भात वाढला. पोरगा जेवत असताना दादाने खिशावरचा बिल्ला काढला आणि त्याच्या ओल्या शर्टाला लावून दिला. पिन दोनदा बोटाला टोचली.

यंदा तो पोरगा बारावीला आहे. पहिल्या बैठकीला अर्धा तास उशिरा आला, आणि डोळे मिटल्यावर दादाच्या प्रार्थनेत सगळ्यांत आधी त्याचाच नंबर लागला.