सागरी दौरा, खडीमार्गे : पहिल्या दिवसाच्या सूचना

मुंबई ते श्रीवर्धन हा किनारी दौऱ्याचा पहिला टप्पा नवशिक्यांना फार आवडतो, कारण नकाशावर तो अगदीच किरकोळ दिसतो. भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने तासाभरात मांडवा. मग अलिबाग, रेवदंडा, काशीद, मुरूड. आगरदांड्याला जंगलजेटीत गाड्या चढवायच्या, पलीकडे दिघीला उतरवायच्या. तिथून दिवेआगर आणि शेखाडीवरून समुद्राच्या कडेकडेने श्रीवर्धन. प्रत्यक्ष गाडी चालवायची ती सव्वाशेच्या आतबाहेर किलोमीटर. ग्रुपवर हा आकडा टाकल्यावर जो कोणी ‘एवढंच?’ असे विचारील, त्याला लीड रायडर नेमावे. संध्याकाळपर्यंत तो गप्प झालेला असतो, आणि शांत लीड रायडर मिळायला एरवी नशीब लागते.

तयारी आठवडाभर आधी सुरू करावी आणि ती संपूर्णपणे खरेदीच्या स्वरूपाची असावी. जाळीचे जॅकेट, गुडघ्यांची पॅडे, हेल्मेटवर बसवायचा कॅमेरा आणि पाठीवर नळीवाली पाण्याची पिशवी ही किमान सामग्री झाली. चेनचा ढिलेपणा काढणे, जादा क्लच केबल घेणे, टायरमधली हवा बघणे या कामांत खर्च जवळजवळ नसल्यामुळे ती मागे पडतात. सामान मागच्या सीटवर उंच रचावे. वजन जितके वर, तितकी गाडी खडीवर मागून शेपूट हलवते, आणि मागच्याला बघायला काहीतरी मिळते.

रो-रो 2020च्या मार्चमध्ये सुरू झाली, तेव्हापासून वडखळच्या ट्रॅफिकमध्ये उभे राहण्याची सक्ती उरलेली नाही. तरीही ग्रुपमधला एकजण ‘रायडर बोटीत बसत नाही’ म्हणून पनवेल-पेणमार्गे येतोच. त्याला येऊ द्यावे. बोटीत गाडी खालच्या डेकवर पहिल्या गिअरमध्ये घालून साइड स्टँडवर लावायची असते. ती न्यूट्रलमध्ये सोडून वर सीगलचे फोटो काढायला गेल्यास उतरताना आपली गाडी शेजाऱ्याच्या गाडीला टेकलेली सापडते, आणि ओळखी वाढतात.

मांडव्यापासून रेवदंड्यापर्यंत सांगण्यासारखे फारसे काही नाही. पहिल्याच मिसळीला तास जातो. कुंडलिकेवरचा पूल ओलांडताना सगळ्यांना एकदम समुद्र दिसतो आणि सगळे एकदम थांबतात. पुलावर थांबू नये, ही या लेखातली एकमेव सरळ सूचना समजावी.

आता खडी.

खडी नेमकी कुठे लागेल हे आधी विचारू नये. रेवस ते रेड्डी सागरी महामार्गाची कल्पना मुख्यमंत्री अंतुल्यांच्या काळातली. तेव्हापासून हा रस्ता कुठे ना कुठे, थोडाथोडा होतोच आहे. गेल्या दिवाळीत जिथे लोण्यासारखे डांबर होते तिथे यंदा मोठी खडी पसरून ठेवलेली असते, आणि जिथून सगळ्यांनी सावध केले होते तो तुकडा नेमका गुळगुळीत निघतो. एक खूण मात्र पक्की. ‘काम चालू आहे, वाहने सावकाश चालवा’ असा फलक पुसट असेल तर काम थांबलेले आहे, आणि खडी रोलर न फिरता तशीच सुटी पडली आहे. फलक नवा कोरा असेल तर निदान मुरूम टाकून दबाई झालेली असण्याची आशा धरावी.

सुट्या खडीत पुढचे चाक आपल्या मनाने डावी-उजवीकडे फिरते. नवशिक्याने अशा वेळी तीन गोष्टी कराव्यात असे त्याचे हात त्याला सांगतात: हँडल घट्ट धरावे, रेस एकदम सोडावी आणि पुढचा ब्रेक दाबावा. तिन्ही एकदम केल्यास निकाल लगेच लागतो. रेस सोडली की वजन पुढच्या चाकावर येते, चाक खडीत रुतते. ब्रेकने ते अडते. आणि घट्ट धरलेले हँडल त्याला सावरायला जागाच देत नाही. एबीएस आहे म्हणून निर्धास्त राहावे. खडीत अडलेले चाक पुढ्यात दगडांचा ढीग करून गाडी थांबवते, तर एबीएस चाक अडूच देत नाही, त्यामुळे गाडी थांबायला जास्त जागा लागते. तेवढ्या वेळात समोरच्या डंपरवरचा मजकूर सावकाश वाचून होतो.

उलट ज्यांना पहिल्या दिवशी काहीच घडू नये असे वाटते ते घरूनच हवा चार-पाच पौंड उतरवून येतात, दुसऱ्या गिअरमध्ये रेस एकसारखी ठेवतात, फूटरेस्टवर किंचित उभे राहून गुडघ्यांनी टाकी धरतात, हात सैल सोडतात आणि चाकाकडे न बघता लांब बघतात. पुढचे चाक थोडे नाचते, त्याला नाचू देतात. अशा माणसांकडे सांगायला किस्से नसतात.

डंपरच्या चाकांनी खडी दाबून दोन पट्टे तयार केलेले असतात, त्यातल्या एकातून जावे. ग्रुपच्या टीशर्टावर ‘चाकोरीबाहेर’ असे छापलेले असले तरीही. दोन पट्ट्यांच्या मधला उंचवटा आणि साइडपट्टीचा ढीग या जागा डिस्कव्हरी चॅनेलसाठी आहेत. आपण हे शिकत असताना शंभर सीसीच्या गाडीवर, पायात चपला, मागे मावळणीच्या मांडीत मासळीची पाटी, असा एकजण त्याच पट्ट्यातून हॉर्न न वाजवता पुढे निघून जाईल. त्याचा कॅमेऱ्यावर आलेला भाग नंतर कापावा.

पहिले पडणे वेगात होत नाही. उभे राहताना होते. गाडी जवळजवळ थांबते, माणूस सुटल्याच्या आनंदात डावा पाय टेकतो, बुटाखालची खडी घरंगळते, आणि दोनशे किलोचे यंत्र अगदी सावकाश, कुणालाही घाई न करता, आडवे होते. क्लचचा दांडा टोकाला वाकतो. आरशात आभाळ दिसते. रस्त्यावर चिटपाखरू नसते, पण गाडी पडताच झाडीतून चारजण बाहेर येतात.

‘लागलं काय ओ?’

‘नाही, नाही.’

‘मग बंद करा की गाडी, पेट्रोल सांडतंय.’

चावी फिरवावी, आणि आडव्या गाडीकडे पाठ करून, पार्श्वभागाने सीटला रेटा देत पायांनी उचलावी, असे पुस्तकात सांगितले आहे. ते चारजण तोपर्यंत ती उचलून स्टँडवर लावतात.

मुरूडच्या पुढे राजपुरीजवळ वळणावर जंजिरा दिसतो. इथे ग्रुपमधल्या इतिहासतज्ज्ञाला बोलू द्यावे, कारण रस्त्यांच्या अभ्यासकाला या पाण्यात रस आहेच. संभाजी महाराजांनी 1682 साली किनाऱ्यापासून किल्ल्यापर्यंत समुद्रात दगडांची भर घालून वाट करायला घेतली होती. ते काम अर्धे राहिले, पण त्याला मोगल चालून आल्याचे कारण होते. आजच्या अर्धवट कामांच्या फलकांवर कारणाचा रकाना नसतो.

आगरदांड्याला आपण पोचतो तेव्हा बोट नुकतीच सुटलेली असते. हा योगायोग समजू नये. घरी बसून पाच-पाच मिनिटांचा हिशेब मांडलेला तक्ता इथे घडी घालून खिशात ठेवावा. खाडीला वळसा घालून तळा-म्हसळ्याकडून रस्त्याने जाण्याची सूचना लीड रायडर करील; ती मान्य केल्यास दुपार तिकडेच जाते आणि आपण दिघीला पोचेपर्यंत बोटीच्या दोन-तीन फेऱ्या झालेल्या असतात. थांबावे. सरबत प्यावे. पनवेलमार्गे आलेला मित्र इथे गाठतो, त्याचे अनुभव ऐकावेत.

बोटीत चढणे सोपे. उतरणे भरती-ओहोटीवर आहे. ओहोटीला धक्क्याचा उतार पाण्याबाहेर जास्त उघडा पडतो, आणि खालच्या भागावर हिरवे शेवाळ असते. बोटीच्या लोखंडी फळीवरून त्या शेवाळावर पुढचे चाक येते तेव्हा जो ‘आता दाखवतो’ म्हणून रेस पिळतो, त्याचे मागचे चाक जागच्या जागी फिरते आणि मागच्या सगळ्यांच्या जॅकेटांवर हिरवी नक्षी उमटते. इथेही तोच खडीचा नियम, पण खडीवर आपण तो नुकताच मोडलेला असल्याने आठवत नाही.

दिघीहून बोर्लीमार्गे दिवेआगर. 1997 साली इथल्या वाडीत सुवर्णगणेशाचा मुखवटा सापडला, 2012 साली तो चोरीला गेला आणि 2021 साली नव्याने प्रतिष्ठापना झाली. हे सांगण्याचे कारण असे की देवाला इतके घडून गेले तरी खाणावळीचा नियम बदललेला नाही: जेवण आधी फोन करून सांगावे लागते. दुपारी तीन वाजता नऊजणांनी हेल्मेट हातात घेऊन ओट्यावर उभे राहिल्यास फक्त सोलकढी मिळते, आणि तीही ‘सकाळी फोन का नाही केलात?’ या प्रश्नासह.

आरावी, कोंडिवली, शेखाडी हा तुकडा ज्यासाठी सगळा खटाटोप केला तो. रस्ता आणि लाटा यांच्यामध्ये काही ठिकाणी नुसती दगडांची ओळ. इथे सूचना देण्यासारखे काही नाही. फक्त वळणावर चांगल्या डांबरावर बारीक खडी सांडलेली असते आणि ती खऱ्या खडीपेक्षा वाईट, कारण मोठी खडी निदान लांबून दिसते. समुद्राकडे बघायचे असेल तर गाडी थांबवून बघावे. पाय टेकण्यापूर्वी खाली बघावे.

श्रीवर्धनला मुक्काम वाडीत करावा. सुपारीच्या रांगांत मध्येच रिकामी जागा दिसते तिथली झाडे 3 जून 2020च्या निसर्ग वादळात गेली. गाडी त्या जागेत लावू नये, नवी रोपे लावलेली असतात. काळोख पडण्यापूर्वी नट-बोल्ट फिरून बघावेत. खडीच्या हादऱ्यांनी आरसा सैल होतो, नंबर प्लेट एका स्क्रूवर लोंबते, आणि चेन धुळीने पांढरी पडलेली असते. चेन पुसून तेल द्यावे. वाकलेला दांडा सरळ करायला जाऊ नये. तो मोडतो, आणि जादा दांडा कोणीच आणलेला नसतो. कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मात्र सहा असतात.

रात्री लीड रायडर, आवाज थोडा परत आल्यामुळे, जाहीर करील की उद्या हरिहरेश्वर करून बागमांडल्याची पहिली बोट पकडायची, सहाला निघायचे. सगळ्यांनी हात वर करावेत. मग कोणीतरी आत जाऊन काकूंना तसे सांगावे.

‘सहाला? घावन साडेसातच्या आधी नाही हो व्हायचं,’ असे त्या म्हणतील.

पुढच्या बोटीची वेळ विचारून ठेवावी.