अजेंडाकाका

नोएडातल्या मराठी मंडळींना अजेंडाकाका चांगलेच ठाऊक आहेत. केंद्र सरकारच्या नोकरीत त्यांनी जन्मभर फायलींवर शेरे मारले; निवृत्तीनंतर ते सिनेमावर मारतात. थिएटरातले दिवे मालवले की कानाशी पुटपुट सुरू होते, "हं, आला बघा अजेंडा!" खलनायकाच्या कपाळावर गंध असलं तरी अजेंडा, नसलं तरी अजेंडाच.

आवडलेल्या सिनेमात मात्र तो नसतो. तिथे 'इतिहास' असतो. 'छावा'च्या ट्रेलरमध्ये संभाजी महाराज लेझीम खेळताना दिसले, त्यावरून गदारोळ झाला, तेव्हा काका सकाळी म्हणाले, "कलावंताला स्वातंत्र्य नको का?" दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढायचं कबूल केल्यावर हेच काका, "अस्मिता राखली हो!" फेब्रुवारी 2025मध्ये सिनेमा लागला आणि पुढच्याच आठवड्यात दिल्लीत 98वं साहित्य संमेलन भरलं. विज्ञान भवनातल्या उद्घाटनात खुद्द पंतप्रधानांनी 'छावा'चं नाव घेतलं. मग काय, तालकटोरा स्टेडियममध्ये काकांनी पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभं राहून येणाऱ्याजाणाऱ्याला सिनेमाच समजावला.

'फुले' यायचा होता 11 एप्रिलला, जोतिरावांच्या जयंतीला. काही ब्राह्मण संघटनांनी हरकत घेतली, सेन्सॉरने बदल सुचवले, आणि तो आला 25 एप्रिलला. या खेपेस काकांना स्वातंत्र्यही आठवलं नाही, अस्मिताही नाही. "उगाच वातावरण कशाला तापवायचं?" एवढंच म्हणाले. जेएनयूत शिकणारी पुतणी याच्या नेमकी उलट: 'फुले' हा इतिहास, 'छावा' हा प्रचार. काका-पुतण्याचं भांडण महाराष्ट्राला नवं नाही, पण निदान ते सत्तेसाठी तरी असतं.

एका गाऱ्हाण्यापुरता मी काकांच्या बाजूचा आहे. हिंदी सिनेमातला मराठी माणूस म्हणजे एक तर हवालदार, नाही तर भांडी घासणारी बाई. 2011मध्ये 'सिंघम' आला तेव्हा काका हरखले, "हवालदाराचा इन्स्पेक्टर झाला!" झाला खरा, पण बढती अजय देवगणला मिळाली.

"सिनेमात राजकारण आणलं कोणी?" असं ते वारंवार विचारतात. 6 फेब्रुवारी 1977च्या रविवारी, निवडणुकीच्या धामधुमीत, दिल्लीच्या रामलीला मैदानावर नुकतेच काँग्रेस सोडलेल्या जगजीवनरामांची सभा होती. लोकांनी घरीच बसावं म्हणून सरकारी दूरदर्शनने 'बॉबी' सिनेमा लावला, असं दिल्लीकर आजही सांगतात. मैदान तरीही भरलं. काका म्हणतात, "मी अगदी पुढे होतो." सभेत कोण काय बोललं, हे विचारलं की ते चहा मागवतात. त्या संध्याकाळचा 'बॉबी' मात्र प्रसंगावार ऐकवतात.

'फुले' काकांनी पाहिलेला नाही. पुतणीने 'छावा' पाहिलेला नाही. काकूंनी दोन्ही पाहिले आहेत, पण त्यांचं मत अजून कोणी विचारलेलं नाही.