सहासष्टशे की तीस-पन्नास?

स्टुटगार्ट,
१७ नोव्हेंबर २०२४

ती. अण्णांस,


परवा फोनवर बोलताना मागून ‘सहासष्टशे!’, ‘तीस-पन्नास!’ असा आरडाओरडा चालला होता आणि तुम्ही काळजीनं विचारलंत, जावई शेअर बाजारात उतरलेत की काय? नाही अण्णा. ते दोन ग्राफिक्स कार्डांचे नंबर. तुमच्या नातवाच्या, अर्णवच्या कॉम्प्युटरला एक घ्यायचं होतं आणि कुठलं घ्यायचं, यावरून घरात दोन पक्ष पडले होते. आईलाही हे वाचून दाखवा, म्हणजे ‘एवढं काय असतं मेलं त्या कार्डात’ हा तिचा प्रश्न मिटेल.

झालं असं, की ह्यांच्या ऑफिसनं जुने कॉम्प्युटर काढले आणि हे सत्तर युरोंत एक घेऊन आले, स्क्रीनसकट. मशीन चांगलं आहे, पण जन्म ऑफिसात गेलेला. एक्सेल झटक्यात उघडतं, अर्णवची रेसची गाडी मात्र वळणावर उभीच राहते. खेळातली चित्रं भराभर काढायला वेगळं कार्ड लागतं. अर्णवचं म्हणणं, एएमडीचं आरएक्स ६६०० घ्या. ह्यांचं म्हणणं, एनव्हिडियाचं आरटीएक्स ३०५०. पहिलं दोनशे युरोंच्या आसपास, दुसरं पावणेदोनशेच्या. फरक पंचवीस युरोंचा, पण एवढी चर्चा फ्लॅट घेतानाही झाली नव्हती.

तुमच्या जावयांनी रीतसर एक्सेल शीट केलं. ‘कोअर’च्या रकान्यात ३०५० पुढे २३०४ आणि ६६०० पुढे १७९२. “बघ, आकडेच सांगतायत,” हे म्हणाले. अर्णवनं कपाळाला हात लावला. दोन कंपन्यांचे कोअर एकमेकांशी ताडून पाहायचे नसतात म्हणे; हापूस डझनावर जातो नि कांदा किलोवर, तसं काहीसं. प्रत्यक्ष खेळात ६६०० जवळजवळ दीडपट चित्रं काढतं. मेमरीही त्याला ८ जीबी, ह्यांच्या लाडक्याला ६.

त्यातही गोम अशी, की ३०५० नावाची कार्डं मुळात दोन. एक जानेवारी २०२२ मधलं, ८ जीबीचं. दुसरं ह्याच वर्षी फेब्रुवारीत आलेलं, ६ जीबीचं. नाव तेच, पण धाकट्याचे कोअर कमी आणि मेमरीकडे जाणारी वाटही १२८ बिटांवरून ९६ वर आणलेली. दुकानात नुसतं ‘तीस-पन्नास द्या’ म्हणणारा माणूस कुठलं घेऊन घरी जाईल, देव जाणे. मला हे नाव ठेवणं अजिबात पटलेलं नाही.

मग हे त्या धाकट्याच्याच मागे का? अण्णा, इथे तुमचा प्रांत सुरू होतो. ६६०० खातं १३२ वॅट आणि ६ जीबीवालं ३०५० खातं ७०. मदरबोर्डच्या ज्या खाचेत कार्ड बसतं, ती खाच ७५ वॅटपर्यंत वीज देते. म्हणजे ३०५० त्याच खाचेवर चालतं, ६६०० ला पॉवर सप्लायमधून वेगळी आठ पिनांची वायर लागते. ह्यांनी हिशेब मांडला: फरक ६२ वॅट, रोजचे दोन तास, वर्षाला ४५ युनिट. आता खुर्चीत बसून वाचा. इथे आम्हाला युनिट चाळीस सेंटला पडतं, म्हणजे छत्तीस रुपयांना! वर्षाचे अठरा युरो झाले. यावर अर्णव म्हणतो, “बाबा, ते वॅट वाया कुठे जातात? सगळी उष्णताच होते. हिवाळ्यात तेवढा हीटर कमी लावू.” वीज बोर्डातून निवृत्त झालेल्या माणसाचा नातू शोभतो खरा.

मध्येच ह्यांना जुन्या बाजारात १३० युरोंना एक ६६०० दिसलं आणि हे चक्क फितूर व्हायला निघाले. बिल नाही, वॉरंटी नाही, आणि खाली कुणी न विचारता लिहिलेलं, ‘माइनिंगसाठी वापरलेलं नाही’. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या डिजिटल चलनानं आपली पद्धत बदलली, तोवर लोकांनी असली कार्डं रात्रंदिवस राबवून त्यावर डिजिटल नाणी पाडली होती. पुढे ती ढिगांनी विकायला निघाली. न मागता दिलेल्या खुलाशावर माझा विश्वास नाही. नवीन वस्तूची जबाबदारी इथल्या कायद्यानं दोन वर्षं विकणाऱ्यावर असते आणि ऑनलाइन मागवलं तर चौदा दिवसांत परत करता येतं. तेव्हा नवीनच घ्यायचं, असं मी सांगून टाकलं.

रे ट्रेसिंग म्हणून एक प्रकार असतो, त्यात खेळातल्या डबक्यात दिव्यांची खरी वाटावीत अशी प्रतिबिंबं पडतात. त्यावरही एक संध्याकाळ गेली. या किमतीची दोन्ही कार्डं तिथे धापा टाकतात, तेव्हा मी तो रकानाच पुसला. दुसरा मुद्दा मात्र माझा मीच काढला, म्हणून सांगते. ऑफिसची ती जुनी स्क्रीन सेकंदाला साठच चित्रं दाखवते. कार्डानं नव्वद काढली तरी वरची तीस आपल्याला दिसायची नाहीत. “दिसत नाहीत, पण जाणवतात,” इति अर्णव.

अखेर निकाल लावला तुमच्या नातीनं, सईनं. दोन्ही पक्ष भांडत असताना ती कॉम्प्युटरचं झाकण काढून, कंपासपेटीतली पट्टी घेऊन आत वाकली होती. “बाबा, कार्डाची ही मागची पट्टी केवढी असते?” बारा सेंटीमीटर. “इथे तर आठच आहे.” आणलेलं मशीन ऑफिसात स्क्रीनखाली आडवं ठेवतात तसलं, बारक्या अंगाचं! ६६०० त्यात शिरणंच शक्य नव्हतं, आणि आत वेगळी वायरही नव्हती. ३०५० मध्ये मात्र बुटकी कार्डं मिळतात. हे लगेच विजयी वीर झाले, जणू त्यांनी आधीपासून मापं घेऊनच मत दिलं होतं.

पार्सल आलं तेव्हा घरी कुणी नव्हतं, म्हणून ते खालच्या आजींकडे राहिलं. या आठवड्यात जिना झाडायची पाळी आमची, दाराला तशी पाटीच लटकते इथे. मी झाडत असताना आजींनी खोकं हातात दिलं नि विचारलं, केवढ्याला? दुसरा प्रश्न, वीज किती खातं? अण्णा, अगदी तुम्हीच समोर उभे!

बसवणं दहा मिनिटांचं काम. लांब पट्टी काढून आखूड लावायची, त्याचे दोन स्क्रू तिळाएवढे. एक गालिच्यात पडला, तो सईच्या लोहचुंबकानं निघाला. कार्ड खाचेत कट्कन बसलं, बटण दाबलं, पंखा फिरला आणि स्क्रीन काळी ठिक्कर. बापलेक पुन्हा झाकण उघडून एकमेकांचे दोष काढायला लागले. मी मागे जाऊन पाहिलं, तर स्क्रीनची केबल अजून जुन्याच सॉकेटात. काढून कार्डाच्या सॉकेटात घातली. गाडी आता वळणं घेते.

दादाला निरोप द्या, त्याच्या श्रीचं कॅबिनेट मोठं आहे आणि पॉवर सप्लायही दणकट. त्यानं अर्णवच्या बाबांचं एक्सेल न बघता खुशाल ६६०० घ्यावं. पण लाइट गेल्यावर त्याला इन्व्हर्टरवर खेळू देऊ नका. १३२ वॅट नुसत्या कार्डाचे, बाकीचं मशीन वेगळं. तुमच्या बातम्या अर्ध्यावर बंद पडतील आणि आईची मालिकाही.

तिला नमस्कार. मुलं साष्टांग नमस्कार सांगतायत, खेळता खेळता.

तुमची,
मेधा