चामुंडी टेकडीवर पद्मिनी सुरू करण्याचा विधी

म्हैसूरला स्थायिक झालेल्या, किंवा दसऱ्याला बेळगाव-कोल्हापुराकडून तिथे सासुरवाडीला आलेल्या ज्या मराठी गृहस्थांकडे अजून प्रीमियर पद्मिनी आहे, त्यांच्यासाठी हा विधी. 1964 साली कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट 1100 डिलाइट म्हणून निघालेली, 1974 पासून पद्मिनी म्हणवणारी ही 1089 सीसीची गाडी. मुंबईतली तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये निवृत्त झाली. तेव्हापासून तिला क्लासिक म्हणावे. सुटे भाग मिळतात तोवर गाडी जुनी असते. मिळेनासे झाले की ती क्लासिक होते.

विधीचा पूर्वार्ध थंड इंजिनाचा. त्याचा मुहूर्त खंडेनवमीला, म्हणजे म्हैसूरकरांच्या आयुधपूजेला. गाडी धुतलेली, बॉनेटवर हळदकुंकू, आरशाला झेंडू, समोर कोहळा फोडलेला आणि चाकांखाली लिंबे. आता गाडीने सुरू होऊन ती लिंबे चिरडायची असतात, आणि ते पाहायला घरची मंडळी, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू आणि शेजारचे निवृत्त बँक मॅनेजर जमलेले असतात. लिंबू चिरडले गेले नाही तर ते वर्षभर लक्षात राहते. तेव्हा चोक ओढावा.

थंड इंजिनात पेट्रोलची नीट वाफ होत नाही. बरेचसे मॅनिफोल्डच्या भिंतींना चिकटून राहते आणि सिलिंडरपर्यंत पोचते ते तुटपुंजे. म्हणून मिश्रणात पेट्रोलचा वाटा वाढवावा लागतो. काही कार्ब्युरेटरांत त्यासाठी हवेच्या वाटेवर एक झडप मिटते, काहींत पेट्रोलची निराळी वाट उघडते, तर जुन्या मॉरिसच्या एसयू कार्ब्युरेटरात चक्क जेटच खाली सरकते. चोक ओढणाऱ्याला यातले काही ठाऊक नसले तरी चालते. इंजिन लयीत आले की चोक टप्प्याटप्प्याने परत आत ढकलायचा असतो, एवढे मात्र ठाऊक असावे. पुष्कळांचा तो दसऱ्याला ओढलेला कोजागरीपर्यंत तसाच राहतो. मग काळा धूर येतो, प्लग काजळतात आणि पेट्रोल पंपावरची मुले नावाने हाक मारू लागतात.

चोक आत ढकलला म्हणजे तो बंद झाला, असेही समजू नये. तार गंजली असेल तर खुंटी आत जाते आणि कार्ब्युरेटरावरची दांडी जागची हलत नाही. म्हणून बॉनेट उघडून आपण दांडीकडे बघत राहावे आणि आत कोणाला तरी खुंटी ओढायला-सोडायला बसवावे. त्यासाठी मुलगी उत्तम. मेहुण्याला बसवू नये. तो रेस देतो.

आता उसाकडे वळू. बेंगळुरूहून म्हैसूरला येताना मंड्या लागते. तिथली मैसूर शुगर कंपनी 1933 सालची, आणि दुतर्फा ऊस बघून कोल्हापूरकराला घरी आल्यासारखे वाटते. हाच ऊस हल्ली आपल्या टाकीतही असतो, कारण पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेले असते. इथेनॉलला वाफ व्हायला उष्णता जास्त लागते आणि त्याने मिश्रण पातळ होते, म्हणून सकाळी चोक थोडा अधिक मागितला जातो. उलट पेट्रोलमधल्या हलक्या घटकांशी त्याची संगत जमली की गरम गाडीत वाफेचा उपद्रव वाढतो. जुन्या रबरी नळ्याही त्याने फुगतात नि भेगाळतात. त्या बदलून घ्याव्यात. ऊस-बागायतदाराच्या जावयाने या विषयावर सासऱ्यांसमोर बोलू नये.

उत्तरार्ध गरम इंजिनाचा. खरी विद्वत्ता इथेच लागते. म्हैसूर समुद्रसपाटीपासून साधारण 770 मीटरवर, चामुंडी टेकडी 1,060 च्या आसपास. चढण मोठी नाही, पण सुटीच्या दिवशी दर्शनाच्या रांगेत पहिल्या-दुसऱ्या गिअरवर चढताना इंजिन तापायला पुरते. वर पोचून गाडी बहुमजली वाहनतळात बंद करावी. देवीचे दर्शन घ्यावे, प्रसाद घ्यावा, महिषासुराच्या पुतळ्यापुढे फोटो काढावा आणि अर्ध्या तासाने परत यावे. गाडी सुरू होणार नाही.

यात देवीचा कोप नाही. इंजिन चालू असते तोवर पंखा आणि पाणी त्याची उष्णता वाहून नेतात. किल्ली फिरवली की दोन्ही थांबतात. उष्णता मात्र कार्ब्युरेटराकडे चालू लागते. पेट्रोलचे हलके घटक चाळीस अंशांच्या आसपासच उकळू लागतात. आपण वर हात जोडून उभे असताना इकडे फ्लोटच्या वाटीत उकळी फुटलेली असते. मग दोनपैकी एक होते. पेट्रोल उतू जाऊन मॅनिफोल्डमध्ये सांडते, किंवा पंपात नि नळीत वाफ कोंडते आणि वाटी कोरडी पडते. एकीकडे अतिवृष्टी, दुसरीकडे अवर्षण, आणि लक्षण एकच: सेल्फ फिरतो, इंजिन उचलत नाही.

निदान नाकाने करावे. पेट्रोलचा भपकारा आला तर गाडी ओव्हरफ्लो आहे. अ‍ॅक्सिलरेटर एकदाच, सावकाश, तळापर्यंत दाबावा, तसाच धरून ठेवावा आणि सेल्फ मारावा. भरपूर हवा आत जाते आणि साचलेले पेट्रोल निघून जाते. पुन्हापुन्हा दाबू नये. दरवेळी कार्ब्युरेटरातला छोटा पंप आणखी एक पिचकारी मारतो. याच सुमारास मागच्या सीटवरून “अहो, थोडा चोक देऊन बघा ना” असे ऐकू येईल. हा सल्ला खंडेनवमीला बरोबर ठरलेला असल्यामुळे आता त्याला घरात मान आहे. तेव्हा वाद घालू नये. मंडळींना नंदी बघायला पाठवावे. सतराव्या शतकातला तो अखंड दगडी नंदी पायऱ्यांच्या वाटेवर बराच खाली आहे. बघून परत चढून येईपर्यंत इंजिन निवते आणि सल्ला द्यायला दम उरत नाही.

वास अजिबात नसेल तर वाफ अडकली आहे. पेट्रोल पंपावर आणि नळीवर ओले फडके ठेवावे, उपरणेही चालते. तापल्या इंजिनावर बाटलीभर पाणी ओतू नये. तेवढ्यानेही जमले नाही तर ठिणगी बघावी, कारण थंड असताना ठणठणीत आणि तापली की मूग गिळून बसणारी कॉइल सगळा दोष कार्ब्युरेटरावर जाऊ देते. कंडेन्सरही त्याच वळणाचा.

अशा वेळी साठीतला एखादा म्हैसूरकर आपणहून पुढे आला तर त्याला नाही म्हणू नये. यादवगिरीला आयडियल जावाचा कारखाना 1996 पर्यंत होता, आणि या गावातल्या पुष्कळांचे हात जावा-येझदीवर बसलेले आहेत. थंड जावाला टिकलर दाबून पेट्रोल ओघळेपर्यंत पाजायचे आणि गरम जावाच्या टिकलरला बोटही लावायचे नाही, हे ज्याला मनगटातून कळते, त्याला पद्मिनी समजावून सांगावी लागत नाही. धक्का मारायची वेळ आलीच तर जमलेल्यांना “स्वल्प तळ्ळि” म्हणावे. दुसरा गिअर टाकून क्लच दाबावा आणि गाडीने वेग घेतला की सोडावा. इंजिन बंद ठेवून घाटातून घरंगळत मात्र उतरू नये. जंबू सवारीच्या दिवशी तर गाडी काढूच नये. साडेसातशे किलोंची अंबारी घेऊन हत्ती त्या दिवशी बन्नीमंटपापर्यंत चालतो, आणि त्याला चोक नसतो.

हे सगळे करूनही इंजिन बोलले नाही तर खालून मेकॅनिक बोलवावा. त्याला रहदारीतून वर यायला तास-दीड तास लागेल. तो बॉनेटही न उघडता आत बसेल, किल्ली फिरवेल आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू होईल. उष्णता कुठून कुठे जाते आणि एवढ्या वेळात कार्ब्युरेटर कसा निवतो, हे त्याला सांगत बसू नये. तो म्हणेल तेवढे पैसे द्यावेत आणि मंडळी परत येण्यापूर्वी त्याला वाटेला लावावे.